‘नाही’ नावाची डिस्क

ब्लासिदा एस्पिनोलाचा आवाज फेब्रुवारीतल्या तिसऱ्या गुरुवारी, दुपारी पावणेदोन वाजता, कायमचा पुसला गेला.

आता हे वाक्य विसरून जा. असं काही झालेलं नाही. इस्पितळाच्या माहिती विभागाने तसं लेखी दिलंय. खाली शिक्का आहे, शिक्क्यावर सही आहे, आणि सहीवर विभागप्रमुख लिसेन्सियादोंच्या तेरेरेचा, म्हणजे नळीने ओढायच्या गार पाल्याच्या चहाचा, एक थेंब पडून तीही पुसट झाली आहे. जी डिस्क नव्हतीच ती पुसली जाणार कशी? आणि डिस्कच नव्हती तर तिच्यावर आवाज तरी कुठून असणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा युक्तिवाद बिनतोड आहे. देर्लिस ओवेलारला तो तोंडपाठ आहे, कारण तो टाइप त्यानेच केला.

देर्लिस राजधानी आसुन्सिओनच्या एका सरकारी इस्पितळात साठवणीचं काम बघायचा. साठवण म्हणजे गाद्या-चादरींची नव्हे, आकड्यांची. तळघरात एक लोखंडी कपाट होतं आणि कपाटात शंभरेक खऱ्या डिस्क. पण खरी डिस्क कधीच कुणाला मिळत नाही. सगळ्यांची जागा एकत्र ओतून तिचं तळं करायचं आणि त्यातून प्रत्येकाला हवी तेवढी ओंजळ काढून द्यायची. या ओंजळीला आभासी डिस्क म्हणतात. क्ष-किरणवाल्यांना वाटतं आपली स्वतंत्र डिस्क आहे, औषधभांडाराला वाटतं आपली स्वतंत्र आहे, आणि दोघांचाही माल त्याच तळ्यात एकमेकांच्या मांडीवर बसलेला असतो. शिवाय ओंजळही भरून द्यायची नसते, नुसतं ‘दिली’ म्हणायचं. लागेल तसतसं पाणी सोडायचं. देर्लिसच्या कपाटात जागा सव्वीस टेराबाइटची होती आणि वाटली होती अठ्ठेचाळीस. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि आठ वर्षं सगळे जेवून तृप्त. यात बेइमानी काही नाही, जगभर असंच करतात. फक्त कुठली ओंजळ कुणाची, हे लिहिलेला नकाशा जपायचा. तो गेला की उरतं ते नुसतं ओलं लोखंड.

वर्षभरापूर्वी वाचा-उपचाराची निमिया बारेइरो तळघरात उतरली होती.

“देर्लिस, मला जागा दे.”

“खुर्ची आहे की.”

“आवाज ठेवायला जागा. ज्यांचं स्वरयंत्र काढायचंय त्यांचे आवाज मी आधी भरून घेतेय. नंतर यंत्र येईल, ते त्यांच्याच आवाजात बोलेल. चौदा-चौदा तासांचं भरणं आहे एकेकाचं.”

देर्लिसने वर फोन लावला. माहिती विभागाचे प्रमुख लिसेन्सियादो बेनेगास. लिसेन्सियादो म्हणजे पदवीधर. ते कशाचे पदवीधर होते हे कुणाला माहीत नव्हतं आणि विचारणं असभ्य ठरलं असतं. लिसेन्सियादोंनी सगळं ऐकून घेतलं आणि एका शब्दात उत्तर दिलं.

“न्दाइपोरी.”

ग्वारानी या इथल्या भाषेतला हा फार कामाचा शब्द. नाहीये, शिल्लक नाही, संपलं, नव्हतंच. औषधवाला हाच बोलतो, बसचा वाहक सुट्ट्या पैशांबद्दल हाच बोलतो, आणि लग्न मोडलेला मुलगाही आईला हाच सांगतो. अख्ख्या देशाचा कारभार या एका शब्दावर चालतो. बाकीचे शब्द सणासुदीला काढायचे.

देर्लिसने फोन ठेवला आणि तळ्यातून दोन टेराबाइटची ओंजळ काढली. अधिकृतपणे जागा नव्हतीच, त्यामुळे नावाच्या रकान्यात काय भरायचं हा प्रश्नच नव्हता. त्याने लिहिलं: ndaipóri.

निमिया इतकी हसली की तेरेरेची नळी तिच्या नाकात जायची राहिली. पुढे वर्षभर तळघरात हा विनोद चालला. “आवाज कुठे ठेवलेत?” “न्दाइपोरीवर!” “न्दाइपोरीत किती जागा आहे?” “भरपूर!” देर्लिस एकोणतीस वर्षांचा होता. एवढ्या वयात माणसाने केलेला एखादा विनोद टिकला तर त्याला दुसरं काय हवं असतं?

त्या डिस्कवर पहिलं नाव आलं ते न्या ब्लासिदाचं. वय एकसष्ट. इथे वडीलधाऱ्या बाईला नावाने एकेरी हाक मारत नाहीत, पुढे ‘न्या’ लावतात. न्या ब्लासिदा इताउग्वाच्या बसवर चिपा विकायची. पांढरा एप्रन, डोक्यावर टोपली, टोपलीत कापडाखाली चीज आणि मांडिओका कंदाच्या पिठाचे गरम, कड्यासारखे गोल पाव. चिपा सगळ्यांचीच चांगली असते. गिऱ्हाईक आवाजावर ठरतं. बसमध्ये पाय ठेवता ठेवता तिने “चिपाऽऽ, हाकू, हाकूऽऽ!” अशी गरमागरमची हाक दिली की मागच्या बाकावर झोपलेला माणूस डोळे न उघडता खिशात हात घालायचा. पस्तीस वर्षं. मग गळ्यात गाठ आली, आणि डॉक्टर म्हणाले, “स्वरयंत्र काढलं तर तुम्ही राहाल.”

“आणि हाक?” तिने विचारलं होतं.

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. इस्पितळात खिडक्या त्यासाठीच ठेवतात.

निमियाने तिच्याकडून सोळाशे वाक्यं म्हणवून घेतली. यादी स्पेनहून आली होती. ‘ट्राम वेळेवर सुटली.’ ‘माझ्या भावजयीला हिमवर्षाव आवडतो.’ न्या ब्लासिदाने सगळी निमूटपणे म्हटली आणि मग म्हणाली, “मुली, झाला का तुझा बर्फ पडून? आता माझं घे.” मग तिने हाका भरल्या. सकाळची वेगळी, उपासाच्या आठवड्यातली वेगळी, पावसातली वेगळी. मेलेल्या नवऱ्याला घालायच्या शिव्या भरल्या, कारण त्या तो मेल्यावरही रोज लागत. नातवाला झोपवायची गुणगुण भरली. चौदा तास वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी तिचा गळा कापला.

तेव्हापासून ती गळ्याच्या भोकावर विणलेला रुमाल बांधून, दोरीला पेन्सिल लटकवलेली वही घेऊन जगत होती. शाळा तिसरीपर्यंत, त्यामुळे वहीत एक ओळ लिहायला बसचे दोन थांबे जायचे. तोवर गिऱ्हाईक उतरून जायचं. पण दर महिन्याला ती इस्पितळात यायची आणि निमियापुढे वही धरायची: ‘यंत्र?’ निमिया म्हणायची, “येतंय, न्या ब्लासिदा. जहाजात आहे.” मग ती तळघरात उतरून कपाटाच्या दारावर दोन टिचक्या मारायची, आत आपण नीट आहोत ना हे बघायला, आणि देर्लिसच्या टेबलावर दोन चिपा ठेवून जायची.

आता तो गुरुवार. नवीन कपाट आलं होतं. जुन्यातल्या सोळा डिस्क नव्यात हलवायच्या आणि जुनं पुसून सोमवारी परत द्यायचं. सोळा डिस्कांची यादी लिसेन्सियादोंकडे होती. सतराव्या डिस्कबद्दल आज दुपारी त्यांना समक्ष सांगायचं, असं देर्लिसने ठरवलं होतं. सकाळी मात्र त्याची अक्कलदाढ सुजली.

तो दंतवैद्याच्या खुर्चीत अर्धं तोंड बधिर होऊन पडला होता, तेव्हा फोन वाजला.

“देर्लिस, बाळा, एकच प्रश्न,” लिसेन्सियादो म्हणाले. मागे टाळ्या ऐकू येत होत्या. “सोळा हलवल्या. जुन्या कपाटात आणखी एखादी डिस्क आहे का?”

देर्लिसच्या तोंडात कापूस, नळी आणि दंतवैद्याची दोन बोटं. वाक्य अशक्य होतं, एखादा शब्द बसला असता. त्याने जीव एकवटून त्या डिस्कचं नाव सांगितलं.

“न्दाइपोरी.”

“शाब्बास!” लिसेन्सियादो म्हणाले आणि फोन ठेवला.

देर्लिसला फार बरं वाटलं. साहेबांना विनोद कळला, असं त्याला वाटलं.

टाळ्या होत्या त्या छायाचित्रासाठी. मंत्रालयाच्या भिंतीवर लावायला फोटो हवा होता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच लिसेन्सियादोंनी स्वतः बटण दाबलं. सोळा डिस्क हलवल्यावर पडद्यावर जुन्या कपाटाची यादी उघडली. तिच्यात एकच ओळ होती: ndaipóri. खाली यंत्राने विचारलं होतं: पुसायचं? खात्री आहे?

लिसेन्सियादोंना भरून आलं. “बघा,” ते जमलेल्यांना म्हणाले, “परदेशी यंत्र, पण आता ग्वारानीत सांगतंय की आत काही नाही!” पुन्हा टाळ्या झाल्या. त्यांनी हसत, कॅमेऱ्याकडे बघत, तर्जनीने ‘हो’ दाबलं. पावणेदोन. मग सगळे सिएस्ताला, म्हणजे दुपारच्या झोपेला, घरी गेले.

देर्लिस साडेतीनला आला तेव्हा कपाट एकटंच काम करत होतं. रुग्णांची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून नियम असा की नुसतं पुसायचं नाही, प्रत्येक जागेवर शून्य लिहायचं. एकाहत्तर टक्के शून्यं लिहून झाली होती. थांबवायला लिसेन्सियादोंचा परवलीचा शब्द लागत होता आणि लिसेन्सियादोंचा फोन झोपला होता. या शहरात दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जो फोन उचलतो त्याच्या घरी मयत तरी असते नाहीतर तो परका तरी असतो.

देर्लिसने भिंतीतला प्लग उपटला.

कपाट चालूच राहिलं. वीज गेली तरी क्षणभरही बंद पडू नये म्हणून त्याला मोठ्या बॅटऱ्या जोडल्या होत्या. त्यासाठी देर्लिसने सलग तीन वर्षं अर्ज केले होते. आख्ख्या नोकरीत त्याचा मंजूर झालेला हा एकमेव अर्ज. बॅटऱ्या अत्यंत उत्तम होत्या. बहात्तर, पडदा म्हणाला. त्र्याहत्तर. त्यांचं झाकण किल्लीचं, आणि किल्लीही लिसेन्सियादोंच्याच खिशात. चौऱ्याहत्तर. देर्लिस झाकणाशी झोंबत होता आणि सुन्न ओठातून गळणारी लाळ कपाटावर टपकत होती. त्याचं कपाटाला काही वाटलं नाही.

समोरच्या इमारतीत एक आरसा होता, म्हणजे दुसरं कपाट, पहिल्यात जे होईल ते जसंच्या तसं स्वतःत उतरवणारं. देर्लिस धावत तिथे गेला. आरसा प्रामाणिक होता. पहिल्यातली शून्यं त्यानेही एकूणएक उतरवून घेतली होती. राहिल्या राखीव प्रतीच्या फिती. फितींवर काय घ्यायचं ते यादीवरून ठरतं, आणि यादीत सोळाच. आभासी डिस्कचा नकाशाही गेला होता. झाकण शेवटी उचकटून कपाट थांबलं तेव्हा जिथे शून्यं पोचायची बाकी होती तिथे देर्लिस पुढचे तीन दिवस शोधत बसला. त्याला कुणाच्यातरी गुडघ्याचा एक तृतीयांश भाग सापडला.

डिस्कवर तेवीस जण होते. त्यातले नऊ आधीच वारले होते. त्यांचे घरचे कधीमधी येऊन निमियाच्या खोलीत एखादं वाक्य ऐकून जायचे, ट्राम वेळेवर सुटल्याचं.

सोमवारी यंत्र आलं. जहाजात होतं ते खरंच जहाजात होतं, याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य निमियाला वाटलं. पाटीएवढं यंत्र, गळ्यात अडकवायला पट्टा. न्या ब्लासिदा धुतलेला एप्रन घालून आली होती. निमियाचा चेहरा तिने पाहिला नाही, तिचं लक्ष खोक्याकडे होतं. तिने दोन बोटांनी टाइप केलं आणि बटण दाबलं.

“पाव, गरम पाव, सेन्योर!” एक बाई म्हणाली. स्वच्छ, गोड, माद्रिदची बाई. चिपा हा शब्द तिला माहीत नव्हता, म्हणून तिने सुचेल तो पाव घेतला होता. न्या ब्लासिदाने ग्वारानीत टाइप केलं. बाईने ते एकेक अक्षर सुटं करून वाचलं, डोळ्यांच्या दवाखान्यातल्यासारखं.

न्या ब्लासिदाने वही ओढली. ‘ही कोण?’

“यंत्रातली आहे,” निमिया म्हणाली. “तात्पुरती.”

‘मी कुठंय?’

निमियाने दाराशी उभ्या देर्लिसकडे बघितलं. देर्लिसने खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न केला, पण त्या खोलीला खिडकी नव्हती. मग त्याने सगळं सांगितलं. अक्कलदाढ, कापूस, दोन बोटं, एक शब्द. सांगताना त्याला कळत होतं की गोष्ट विनोदी आहे. दुसऱ्या कुणाची असती तर तो पोट धरून हसला असता.

न्या ब्लासिदा बराच वेळ लिहीत राहिली. पेन्सिलचं टोक मोडलं, निमियाने पेन दिलं.

‘म्हणजे दुसऱ्यांदा कापला. पहिल्यांदा निदान भूल मला दिली होती. या वेळी भूल तुला दिली, कापलं मला.’

ती अजून लिहीत होती.

‘नवऱ्याच्या शिव्या पण गेल्या?’

“हो, न्या ब्लासिदा.”

‘नातवाचं?’

“हो.”

तिने वही मिटली. रडताना तिचा आवाज येत नव्हता. रुमालामागून नुसती फुसफुस येत होती, सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखी.

निमियाने अचानक स्वतःचा फोन काढला. “थांबा. थांबा हं. पहिल्या दिवशी माइक चालतोय का ते बघायला मी फोनवर...” तिने खूप मागे जाऊन जाऊन एक तुकडा शोधला. सहा सेकंदांचा. आधी निमियाचाच आवाज: “न्या ब्लासिदा, गिळताना काही त्रास?” आणि मग ती, पस्तीस वर्षांची बस अंगात असलेली, मागच्या बाकापर्यंत पोचणारी:

“न्दाइपोरी!”

तुकडा संपला.

न्या ब्लासिदाने फोन हातात घेतला आणि पुन्हा ऐकला. मग पुन्हा. चौथ्यांदा तिने फोन कानाला लावला, कुणी पलीकडून आणखी काही बोलेल म्हणून. मग वहीत लिहिलं: ‘घाला. आहे तेवढी तर आहे तेवढी.’

देर्लिसने तो एक शब्द यंत्रात भरला. माद्रिदच्या बाईला काढून टाकलं. आता यंत्राला एकच बटण होतं.

बुधवारी तो इताउग्वाच्या बसमध्ये चढून मागे बसला. न्या ब्लासिदा तिसऱ्या थांब्यावर चढली. टोपली काठोकाठ भरलेली, कापडातून वाफ येतेय. बसमधली डोकी फोनमध्ये. तिने बटण दाबलं.

“न्दाइपोरी!”

सगळी डोकी वर झाली. आवाज तोच होता. मागच्या बाकावरचा एक म्हातारा डोळे न उघडता खिशात हात घालायला लागला, मग शब्द कानात शिरला आणि त्याने हात परत काढला.

“न्या, टोपली तर भरलेली दिसतेय!” चालक ओरडला.

“न्दाइपोरी!”

“अहो वाफ येतेय!”

“न्दाइपोरी!”

बस खदखदून हसली. त्या दिवशी गमतीगमतीत वीस चिपा गेल्या. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, “नाही म्हणते तर नाही, उगाच कशाला भरीस घालता?” चौथ्या दिवशी चालकाने तिला थांब्यावरच हात केला, “मावशे, आज नको ती चेष्टा, डोकं दुखतंय.” देर्लिस रोज जात होता. त्याने रोज आठ चिपा घेतल्या आणि एकही खाल्ली नाही. सातव्या दिवशी ती चढलीच नाही. आठव्याही. निमिया तिच्या घरी जाऊन आली. टोपली धुऊन पालथी घातली होती, म्हणाली. न्या ब्लासिदा दारात बसली होती आणि नातू पुढे उभा होता. नातू म्हणत होता, “आजी, गोष्ट आहे?” आणि ती बटण दाबत होती.

देर्लिस लिसेन्सियादोंकडे गेला. खोलीत तेरेरे फिरत होता. लिसेन्सियादोंनी त्याच्याही हातात पेला दिला, माणूस म्हणून ते वाईट नव्हते.

“डिस्क होती,” देर्लिस म्हणाला.

“कुठली?”

“न्दाइपोरी.”

“तेच म्हणतोय मी.”

“नाही, तिचं नाव तसं होतं. तुमच्याच फोटोत बघा.” भिंतीवर फोटो होता, चौकटीत. लिसेन्सियादो हसत होते, तर्जनी बटणावर, आणि मागे पडद्यावर स्वच्छ अक्षरांत ते नाव. त्या डिस्कचा पृथ्वीवरचा एकमेव पुरावा.

लिसेन्सियादोंनी चष्मा लावून नीट वाचलं. “हो की. त्यात लिहिलंच आहे, नाही म्हणून.”

“तिचा आवाज होता तिच्यावर.”

“मग तिने तक्रार करावी. नियम सोपा आहे. रुग्णाने समक्ष यायचं आणि तोंडी सांगायचं. लेखी आम्ही घेत नाही, लेखीत लोक काहीही लिहितात.”

“तोंडी?”

“तोंडी. आली तर विचारीन मी तिला, की बाई, काही नुकसान झालंय का तुमचं?”

ती काय उत्तर देईल ते देर्लिसला ठाऊक होतं. सबंध तळमजल्याला ऐकू जाईल इतकं खणखणीत देईल. आणि ते नोंदवलं जाईल.

त्याने पेला परत दिला आणि “आभारी आहे” म्हणाला. तेरेरेच्या मंडळात आभार फक्त एकदाच मानतात, पुढची फेरी नको असेल तेव्हा. लिसेन्सियादोंनी मान हलवली आणि पेला पुढच्याला दिला.

आधी त्याने माहिती विभागासाठी डिस्क नव्हतीच असं सांगणारं ते बिनतोड पत्र टाइप केलं, कारण ते त्याचं काम होतं. मग दुसरा कागद घातला.

*प्रति, प्रमुख, माहिती विभाग. विषय: एका शब्दाबाबत. महोदय, अर्जदार श्रीमती ब्लासिदा एस्पिनोला, धंदा चिपा-विक्री, यांच्या वतीने खाली सही करणारा नम्रपणे कळवितो की, ‘नाही’ नावाची डिस्क होती. सबब, ती होती असा दाखला मिळावा. तिच्यावरील चौदा तास वीस मिनिटे, हाका, शिव्या व अंगाईसह, मूळ स्थितीत परत करण्यात यावीत. आणि ते कार्यालयाच्या सोयीचे नसल्यास, अर्जदारास नातवाशी बोलण्यापुरता, त्यांच्या स्वतःच्या आवाजातील ‘आहे’ हा एक शब्द तरी कृपया उपलब्ध करून द्यावा, ही विनंती.*